जुनी गाडी, ट्रॅकची तयारी : इंजिनाला सगळ्यात शेवटी हात

कर्जत लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क अर्ध्या वाटेत जातं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलण्यातले "अं", "म्हणजे" आणि मागचा कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय, बाकी बहुतेक जसंच्या तसं आहे.

नेरळहून एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : "दादा, माझ्याकडे ऐंशी हजार आहेत. जुनी आर-१५ व्हर्जन टू बघून ठेवलीय, एमएच ४६ पासिंग, एकच मालक. ट्रॅकवर न्यायची आहे. आधी सायलेन्सर टाकू, का हेड पोर्टिंग करू, का सरळ बोअर वाढवू?"

भावा, तिन्ही नको. निदान पहिल्या वर्षी तरी नको. का ते नीट सांगतो, कारण हाच प्रश्न खोपोलीतल्या प्रत्येक गॅरेजच्या बाकड्यावर महिन्यातून एकदा तरी येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा सायलेन्सर विकणाराच देतो.

ट्रॅकवर गाडीचं काय होतं ते आधी बघू. रस्त्यावर आपण ब्रेक किती वेळा खरोखर दाबतो? सिग्नल, खड्डा, मध्येच आलेली म्हैस. तेही हळू वेगात, आणि मध्ये डिस्क थंड व्हायला भरपूर वेळ मिळतो. ट्रॅकवर प्रत्येक सरळ पट्ट्याच्या शेवटी जोरात ब्रेक, लगेच वळण, परत ॲक्सिलरेटर, परत ब्रेक. असं पंधरा-वीस मिनिटं सलग. हिशोब करू. गाडी आणि गियर घातलेला माणूस मिळून २०० किलो धरा. ६० च्या वेगातून पूर्ण थांबताना ब्रेकला साधारण २८ किलोज्यूल ऊर्जा उष्णता म्हणून रिचवावी लागते. ११० वरून ५० वर येताना, म्हणजे न थांबता नुसता वेग कमी करताना, ती ७४ किलोज्यूलच्या आसपास जाते. अडीच पटीहून जास्त! वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे दहावीत घोकलेलं सूत्र इथं हाताला चटके देतं. आणि ही उष्णता दर लॅपला, दर मोठ्या वळणाला, पुन्हा पुन्हा.

म्हणून माझ्या हिशोबाने ट्रॅकची गाडी म्हणजे जास्त पळणारी गाडी नव्हे. पहिल्या लॅपला जिथं ब्रेक लागला, तिथंच आणि तेवढाच ब्रेक शेवटच्या लॅपलाही लागला पाहिजे, ती ट्रॅकची गाडी. वळणात चाक जिथं ठेवलं तिथं राहिलं पाहिजे. गाडी पुढच्या क्षणाला काय करणार हे चालवणाऱ्याला आधी कळलं, तर तो शिकतो. नाही कळलं तर तो नुसता घाबरतो, आणि घाबरलेला माणूस चारशे सीसीवर बसला तरी हळूच जातो. सरळ रेषेतली ड्रॅग रेस वेगळी. लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या तशा शर्यतीत इंजिनाची ताकद हा मोठा मुद्दा असतो, हे कबूल. आपण बोलतोय ते वळणांच्या ट्रॅकबद्दल.

आता आपल्याकडे या प्रश्नाला अजून एक बाजू आहे. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे मुंबईकडून लोणावळ्याला जाणारी प्रत्येक मोटरसायकल खोपोलीतून जुन्या रस्त्याने बोरघाट चढते. रविवारी सकाळी सहा वाजता शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास उभे राहा, काय चालतं ते दिसेल. तिकडे कर्जत-चौक रस्ता रुंद झाला तसा तिथंही रात्रीचा आवाज ऐकू येतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरं सांगू? घाटात शर्यत लावणाऱ्या पोराला दंडाची भीती नसते. समोरून येणाऱ्या ट्रकचीही नसते, कारण त्याच्या डोक्यात तो ट्रक कधी येतच नाही. वळणाच्या पलीकडचं दिसत नाही, कडेला लोखंडी कठडा किंवा दरी, आणि रस्त्यावर सांडलेलं डिझेल. ट्रॅकवर पडलात तर घसरत जायला मोकळी जागा असते आणि झेंडा दाखवणारा माणूस असतो. फरक एवढाच आहे आणि एवढाच पुरेसा आहे. म्हणूनच हा प्रश्न विचारणाऱ्याला मी "कशाला या नादाला लागतोस" असं कधीच म्हणत नाही.

गाडी निवडण्याकडे येऊ. आर-१५ ही निवड चांगली आहे. २००८ साली ती आली, २०११ मध्ये व्हर्जन टू. दीडशे सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, साधारण १७ हॉर्सपॉवर, आणि डेल्टाबॉक्स फ्रेम जी तिच्या इंजिनाच्या मानाने कितीतरी जास्त सहन करते. आपल्या चाकणला तयार होणाऱ्या केटीएम आरसी २०० किंवा पल्सर २०० एनएसवरही हे सगळं लागू पडतं. शिकायला मला कमी ताकदीची गाडी बरी वाटते. तिच्यावर वेग वळणात टिकवावा लागतो. सरळ पट्ट्यात चूक भरून काढायची सोय नसते.

आपल्या भागातली जुनी गाडी घेताना मात्र दोन गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात. एक, पाऊस. कर्जत-खालापूरचे चार महिने गाडीला आतून खातात. मागचा शॉकअप ज्या लिंकवर बसतो तिथले बुश, चिमट्याचा बोल्ट, चाकांच्या बेरिंग या जागी लाल माती आणि पाणी बसून गंज धरलेला असतो. वरून पॉलिश चकाचक असतं. गाडी मधल्या स्टँडवर किंवा ठोकळ्यावर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खट्‌ असा जरासा जरी आवाज आला तरी बेरिंग किंवा बुश गेले. वायरिंगचे कनेक्टर उघडून बघा, आत हिरवट बुरशीसारखं दिसलं तर पहिल्याच दिवशी गाडी ट्रॅकवर बंद पडणार.

दुसरी गोष्ट घाट आणि खड्डे. पुढचं चाक उचलून हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध आल्यावर हँडल 'बसल्यासारखं' वाटलं, म्हणजे खाच जाणवली, की कोनसेट गेला. खड्ड्यांचे दणके सरळ चालतानाच बसतात, म्हणून खाच बरोबर मध्ये पडते. रस्त्यावर याचा त्रास होत नाही. वळणात गाडी टाकताना मात्र ती आधी अडते आणि मग एकदम पडते. हा भाग फार महाग नसतो, पण त्याच्याशिवाय बाकी सगळं वाया.

गाडी आधी जोरात पडलीय का, हे कसं ओळखायचं? हँडल पूर्ण वळवल्यावर फ्रेमच्या ज्या ठोकळ्याला जाऊन अडतं, तो ठोकळा बघा. दबलेला, वेल्डिंग केलेला किंवा नुकताच रंगवलेला असेल तर नमस्कार करून घरी या. मग मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी दोरी लावून पुढच्या चाकापर्यंत सरळ ताणा आणि दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. आमच्या गल्लीतले मिस्त्री अजून हेच करतात.

कागद. "ट्रॅकवरच चालवायची आहे, आरसी बुक कशाला" असं म्हणून बिनकागदाची गाडी स्वस्तात देणारे भेटतील. घेऊ नका. ती चोरीची असू शकते, आणि टेम्पोवर टाकून नेताना रस्त्यात अडवलं तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय. परिवहनच्या ॲपवर नंबर टाका, चेसिस नंबर स्वतः वाकून वाचा, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मागा, आणि फॉर्म २९ व ३० भरून गाडी नावावर करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, एका शनिवारी उरकतं.

आता पैसे कुठं घालायचे. पहिला ब्रेक.

ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडे जुलैत हवेत ओलावाच असतो. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. गरम डिस्कजवळ ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. पातळ पदार्थ दाबला तर आकसत नाही, वाफ आकसते. म्हणजे तुम्ही लिव्हर ओढता, बुडबुडे दबतात, पॅड दबत नाहीत, आणि लिव्हर थेट हँडलला येऊन टेकतो. आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेल्याला विचारा, पोटात कसा गोळा येतो ते. उपाय शंभर-दोनशे रुपयांच्या बाटलीत आहे : जुनं ऑइल पूर्ण काढा, डॉट ४ भरा, हवा काढा, आणि दर ट्रॅकच्या दिवसाआधी पुन्हा ताजं भरा. डॉट ५ लिहिलेलं घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, आपल्या सिस्टिममध्ये चालत नाही. कॅलिपरचे सील फुगलेले असतील तर बदला. जमलं तर रबरी पाइपच्या जागी स्टीलच्या जाळीचा पाइप टाका, कारण जुना रबरी पाइप दाबाखाली फुगतो आणि लिव्हर मऊ लागतो. पॅड ट्रॅकच्या उष्णतेला टिकणारे घ्या. डिस्कची जाडी मोजा. डिस्कवरच कमीत कमी जाडी कोरलेली असते, आणि रोज घाट उतरणाऱ्या गाडीची डिस्क बहुतेक वेळा त्याच्या जवळ आलेली सापडते.

मग टायर. टायरच्या बाजूला चार आकड्यांची तारीख असते : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असू दे, पाच-सहा वर्षांचं उन्हात वाळलेलं रबर ट्रॅकवर नको. दोन्ही टायर एकाच वेळी, एकाच कंपनीचे, मऊ कंपाउंडचे घ्या. रीमोल्डचा विचारही नको. हवा किती ठेवायची हा वादाचा विषय आहे आणि प्रत्येकाचा एक गुरू आहे. माझा सल्ला एवढाच, की स्वतःचा गेज घ्या, सेशन संपून पिटमध्ये आल्या आल्या गरम टायरचा दाब मोजा आणि वहीत लिहा. टायर तापला की दाब वाढतो, म्हणून सुरुवात कंपनीच्या आकड्यापेक्षा जराशी कमी ठेवतात. पेट्रोल पंपावरच्या मशीनवर विसंबू नका.

शॉकअप हा आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित विषय. पुढच्या शॉकअपचं ऑइल दहा वर्षांत कोणी बदललेलं नसतं, काढलं तर काळं पाणी निघतं. ऑइल सील बदला, थोडं घट्ट ऑइल योग्य मापाने भरा. मग बसून माप घ्या. पूर्ण गियर घालून गाडीवर बसलात की शॉकअप त्याच्या एकूण प्रवासाच्या साधारण पाव ते एकतृतीयांश दबला पाहिजे. जास्त दबला तर ब्रेक मारताना नाक जमिनीला लावेल. आर-१५ ला पुढे फिरवून घट्ट करायची सोय नाही, म्हणून स्प्रिंगच्या वर प्लंबरकडच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा सरळ कापून टाकतात. हसू नका, जगभर टाकतात. दोन्ही बाजूंचा तुकडा मात्र मिलिमीटरला मिलिमीटर सारखा हवा.

एवढं झाल्यावर ऐंशी हजारांतलं काय उरलं ते बघा, आणि त्याला हात लावू नका, कारण अजून तुमचं अंग बाकी आहे. पूर्ण चेहऱ्याचं, डी-रिंगच्या पट्ट्याचं हेल्मेट, लेदरचा सूट, पाठीचा प्रोटेक्टर, मनगटावर येणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट. याशिवाय ट्रॅकवर सोडतच नाहीत. सूट दुसऱ्याचा वापरलेला चालेल, शिवण तपासून. पण हेल्मेट वापरलेलं कधीच नको. ते एकदा आपटलं की आतला थर्माकोल दबतो आणि बाहेरून कळत नाही. नेरळच्या मित्रा, इथंच तुझं बजेट ताणलं जाणार आहे. म्हणून म्हणतो, गाडी स्वस्तातली बघ. फेअरिंग फुटलेली असली तर उत्तम, तसंही ट्रॅकवर ती फुटणारच आहे.

इंजिन? टॅपेट सेट करा, कॉम्प्रेशन तपासा, चांगलं ऑइल, नवा फिल्टर, क्लच प्लेट मोजा. बस. सतरा हॉर्सपॉवरमध्ये पोर्टिंगने जे एक-दोन वाढतील, त्यापेक्षा मागचं स्प्रॉकेट बदलून लहान ट्रॅकवर जास्त फरक पडतो. समजा पुढं १५ दाते आणि मागं ४५, म्हणजे गुणोत्तर ३. मागं ४८ केलं की ३.२. वळणातून बाहेर पडताना गाडी लगेच उचलते, वरचा वेग थोडा कमी होतो, जो लहान ट्रॅकवर तसाही गाठला जात नाही. पुढचा एक दात कमी केला, १४, तरी जवळपास तेच, ३.२१. चेनची लांबी आणि मागच्या चाकाची जागा मात्र पुन्हा बघा. बोअर वाढवलेलं इंजिन तापतं आणि ऑइल गाळतं. ट्रॅकवर ऑइल गळणारी गाडी म्हणजे मागून येणाऱ्या दहा जणांसाठी सापळा.

त्याच कारणाने तपासणीवेळी काही गोष्टी मागतात. ऑइलचा नट आणि फिल्टरचे बोल्ट तारेने बांधलेले हवेत. नटाच्या डोक्याला दीडेक मिलिमीटरचं भोक पाडून स्टीलची तार पिळून अशी बांधायची, की नट सुटायला लागला तर तार ताणली जाईल. खोपोलीत लेथवाल्यांची कमी नाही, अर्ध्या तासाचं काम. रेडिएटरमधलं कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर भरा. कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं तर साबणासारखं घसरडं होतं आणि लवकर वाळत नाही. घरी आल्यावर परत कूलंट भरा, नाहीतर आतून गंज. आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट, साइड स्टँड काढा, हेडलाइटच्या काचेवर टेप लावा. ॲक्सिलरेटर सोडल्या सोडल्या स्वतःहून परत आला पाहिजे, हँडल कुठल्याही बाजूला वळलेलं असलं तरी. किल स्विच चालू हवा. तो आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत हमखास मेलेला असतो.

विम्याचं बोलायला कोणाला आवडत नाही, तरी सांगतो. आपल्या नेहमीच्या गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, म्हणजे ट्रॅकवरचं नुकसान तुमचं तुम्ही. आरोग्य विम्यातही धोक्याच्या खेळांबद्दल काय लिहिलंय ते बुकिंगच्या आधी वाचा. आणि घरी खरं सांगून जा. आईला "पुण्याला मित्राकडे" सांगून गेलेल्यांचा हात मोडला की फोन करायलाही कोणी उरत नाही.

आरसे-लाइट काढलेली गाडी चालवत न्यायची नाही, टेम्पोत टाकायची. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, मुळात कार्टिंगचा, आपल्याकडून साधारण ३०० किलोमीटर. मुंबई-पुण्याची पोरं तिथं शिकायला जातात. लहान, वळणावळणाचा ट्रॅक, दीडशे-दोनशे सीसीला अगदी बेताचा. चौघांनी मिळून एक टेम्पो केला तर परवडतं. मोठे ट्रॅक दूर : कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, जिथं सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली.

आणि पुढं खरंच शर्यतीत उतरायचं असेल तर हे लक्षात ठेवा. राष्ट्रीय पातळीवर एफएमएससीआयचं लायसन्स लागतं, आणि नवख्यांसाठी जे रस्ते उघडे आहेत, टीव्हीएसची वन मेक स्पर्धा किंवा २०२१ मध्ये सुरू झालेला रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप, त्यांत गाडी कंपनी देते, सगळ्यांना सारखी. तुमचं पोर्टिंग केलेलं हेड तिथं घरीच राहतं. सोबत येतं ते फक्त ब्रेक कुठं धरायचा आणि नजर कुठं ठेवायची एवढंच, आणि ते तुम्ही जुन्या आर-१५ वर शिकलेले असता.

पहिल्या दिवशी पहिलं सेशन निम्म्या जोराने मारा. पिटमध्ये आलात की हेल्मेट काढायच्या आधी गाडीभोवती एक फेरी : टायरचा दाब, चेनचा ताण, पुढच्या ॲक्सलचा नट, ब्रेकच्या लिव्हरचा घट्टपणा, आणि इंजिनाखाली पांढरा कागद. कागदावर एक जरी थेंब पडला तरी दुसरं सेशन नाही, कितीही पैसे भरले असले तरी. नट घट्ट केल्यावर त्यावर मार्करने एक रेघ ओढून ठेवा, नटावरून खालच्या भागापर्यंत. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट हलला, पाना न लावता कळतं. मार्कर पिवळा घ्या, काळा तेलात दिसत नाही.